मुरुडचे सोमण मास्तर

मध्यंतरी एका लाँग वीकेंडला आम्ही ऑफिसातले पाच जण दापोलीजवळच्या मुरुडला गेलो होतो. (जंजिऱ्याचं मुरुड वेगळं बरं का! हे हर्णैच्या बाजूचं.) समुद्र, मासे आणि झोप असा भरगच्च कार्यक्रम पार पडला. परतताना चिपळूणवरून कुंभार्ली घाटाने साताऱ्याकडे निघालो, तर घाटात एकाला गाडी लागली, दुसऱ्याची रेंज गेली आणि उरलेल्यांचं एसीवरून भांडण जुंपलं. तेव्हा एकदम आठवलं, की १८७५ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुरुडचा एक मुलगा सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेला होता. शंभराहून जास्त मैल! आणि कशासाठी? तर परीक्षेला बसायला.

हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे महर्षी झाले ते. परीक्षा होती मराठी सहावीची. आज ऐकायला गंमत वाटेल, पण तेव्हा ती पास होणं म्हणजे सरकारी कारकुनी किंवा मास्तरकीचं दार उघडणं. तिला बसायला वयाची सतरा वर्षं पुरी लागत. धोंडोपंतांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, म्हणजे ती पुरी झालेली. पण मूर्ती लहान. साताऱ्याच्या परीक्षकांना हा पोरगा सतरा वर्षांचा वाटेचना, आणि त्यांनी त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा बरोबर होता, व्हॅलिडेशन चुकलं. पोरगा आल्या पावली परत गेला, आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन पास झाला.

मला प्रश्न पडला तो वेगळाच. कोकणातल्या कोपऱ्यातल्या गावातल्या पोराला एवढं चालायचं बळ कोणी दिलं?

त्यासाठी जरा मागे जायला हवं. पेशवाईच्या अखेरीस गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. धूळपाटी, मोडी अक्षर, पाढे, पावकी-निमकी आणि छडी. मग १८२६ साली कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली तयार झालेले २४ मराठी शिक्षक मुंबईहून जिल्ह्याजिल्ह्यांत गेले, आणि छापील पुस्तकांच्या शाळा सुरू झाल्या. १८५५ मध्ये सरकारचं शिक्षण खातं आलं. तरी खरा फरक पडला तो १८६३ नंतर. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' बसला आणि त्यातला एक तृतीयांश भाग शाळांसाठी ठेवला गेला. लहान गावांत मराठी शाळा वाढल्या त्या या पैशावर.

म्हणजे शाळा शेतकऱ्याच्या आण्यावर चालत होत्या. शिकत कोण होतं? बहुतेक वरच्या जातींतले मुलगे. मुली जवळजवळ नाहीतच. नेमकं हेच जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ठणकावून सांगितलं, आणि बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. जुन्या शाळांचं कौतुक करताना हे विसरलं तर ते कौतुक अर्धवटच राहील.

आता मुरुडचे सोमण मास्तर. त्यांच्या नावावर ग्रंथ नाहीत, पदव्या नाहीत. कर्व्यांनी 'आत्मवृत्त' (१९१५) लिहिलं म्हणून ते आपल्याला कळतात. मास्तरांना गावाच्या भल्याचा ध्यास होता, आणि पोरांना ते नुसतं शिकवत नसत, कामाला लावत. धोंडोकडे आलेलं काम म्हणजे दुर्गादेवीच्या देवळात बसून लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. जरा डोळ्यांसमोर आणा. बुजरा, किरकोळ अंगाचा मुलगा, समोर गावातली मोठी माणसं, आणि हा बाहेरच्या जगात काय चाललंय ते मोठ्याने वाचतोय. सार्वजनिक काम म्हणजे काय, हे त्याला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पुढचं बरंचसं आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. १८८४ ला बी. ए., १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित, १८९६ ला विधवांसाठी आश्रम, १९१६ ला महिला विद्यापीठ, १९५८ ला भारतरत्न. मधली एक गोष्ट मात्र घाईघाईत उरकली जाते. १८९३ साली कर्व्यांनी मित्र नरहरपंत जोशी यांच्या विधवा बहिणीशी, गोदूबाईंशी लग्न केलं. ही बातमी मुरुडला पोचली, गावाची सभा भरली आणि त्यांच्यावर बहिष्कार पडला. त्यांना घरात घेतलं तर घरच्यांवरही बहिष्कार! ज्या गावाला हा मुलगा पेपर वाचून दाखवायचा, ज्याच्या भल्यासाठी कमावता झाल्यावर त्याने 'मुरुड फंड' उभा केला, त्याच गावाने दार लावलं. म्हाताऱ्या आईला आपल्यामुळे त्रास नको म्हणून तेही गावापासून लांब राहिले.

इथे मला शिक्षकाचा खरा परिणाम दिसतो. गावाने पाठ फिरवली तरी गावात लागलेली सवय सुटली नाही. १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत हलला, तेव्हा कॉलेजचे तास संपले की कर्वे पुण्याहून तिकडे चालत जायचे. पावसात, चिखलात, कधी आश्रमाचं सामान घेऊन. हातात झोळी आणि वहीत पै-पैचा हिशेब. साताऱ्याची पायपीट जणू संपलीच नव्हती.

आणि कळस म्हणजे १९३६. वय वर्षं ७८. आपण या वयाच्या माणसाला 'आता आराम करा' म्हणतो. कर्व्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही तिथे शाळा उघडायच्या. पैसे? थोडे स्वतःच्या पेन्शनमधले, बाकी पुण्यात दारोदार हिंडून मिळालेली वर्गणी. एवढं मोठं विद्यापीठ उभारलेला माणूस शेवटी परत आला तो एक गाव, एक मास्तर आणि चार पोरं यांच्याकडेच.

मुरुडच्या मास्तरांना यातलं काय दिसणार होतं? त्यांनी फक्त एका पोराच्या हातात वर्तमानपत्र दिलं होतं.

आमच्या शाळेतही एक सर रोज एकेका पोराला प्रार्थनेनंतर बातम्या वाचायला उभं करायचे. माझी पाळी आली की पाय लटपटायचे, आणि मी मनातल्या मनात सरांच्या नावाने बोटं मोडायचो. आज क्लायंटसमोर उभा राहून बिनदिक्कत बोलतो, तेव्हा मॅनेजरला वाटतं की ही कंपनीच्या ट्रेनिंगची कमाल. मीही कधी त्याला खरं सांगितलं नाही. सरांनाही नाही. कर्व्यांनी निदान लिहून तरी ठेवलं.

गाडी साताऱ्यात शिरली तेव्हा अंधार पडला होता. चहाला थांबलो, तेव्हा गावाकडच्या मित्राला फोन लावून सरांचा नंबर मागून घेतला. अजून फोन केलेला नाही. काय बोलायचं ते सुचत नाहीये. पण येत्या रविवारी नक्की करणार.