चिकपेटेतील घरधन्यांचा कारभार

१६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच नगरातील चिकपेटेची दुसरी कथा मात्र क्वचितच ऐकू येते. १८५० च्या सव्विसाव्या कायद्यान्वये, रहिवाशांची इच्छा असेल तेथेच नगरसुधारणेची समिती नेमता येई व तिला घरांवर पट्टी बसविता येई. स्वखुशीने कर मागून घेणारी माणसे विरळाच! तरीही २७ मार्च १८६२ रोजी जुन्या पेठांसाठी नऊ प्रतिष्ठितांचे मंडळ स्थापन झाले. भाडेकऱ्याला विचारतो कोण? पण गटार मालक-भाडेकरू ओळखत नाही. १८९८ साली प्लेग या दाट वस्तीत शिरला, तेव्हा बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या मोकळ्या वसाहतींची निकड भासली. ज्यांना परवडले, ते तिकडे गेले. चिकपेटेचे बोळ तसेच अरुंद राहिले.