शाप आणि दीक्षा : सुपरमॅन, चित्रपट आणि लेखकाचा उत्साह

लोकप्रिय वाङ्मयाच्या अभ्यासात निर्मितीमागील अर्थव्यवहार, वितरण, वाचकवर्ग आणि विचारप्रणाली यांची चिकित्सा होते. लिहिणाऱ्याचे आपल्या विषयावर प्रेम होते की नव्हते, हा प्रश्न मात्र चरित्राच्या प्रांतात ढकलला जातो. अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सच्या बाबतीत असे करून चालत नाही. या प्रकाराचा लेखक पुष्कळदा त्याच प्रकाराच्या चाहत्यांतून आलेला असतो आणि त्याचा उत्साह हा त्याच्या लेखनामागील प्रेरणाच नव्हे, तर त्या लेखनाचा आशयही असतो. प्रस्तुत लेखात या उत्साहाचा विचार एका चित्रपटाच्या अनुषंगाने करावयाचा आहे. रिचर्ड डॉनर दिग्दर्शित 'सुपरमॅन' डिसेंबर १९७८ मध्ये प्रदर्शित झाला. त्याची वार्ता ऐकून एका लेखकाने त्याला जाहीर शाप दिला होता. तो पाहून दुसऱ्याने जणू दीक्षा घेतली. पहिले होते सुपरमॅनचे सहनिर्माते जेरी सीगेल. दुसरे मार्क वेड. एकाच कलाकृतीला मिळालेले हे दोन प्रतिसाद परस्परविरोधी दिसत असले, तरी ते एकाच व्यवस्थेतून निर्माण झाले आहेत, असे येथे म्हणावयाचे आहे.

सीगेल हेही मुळात चाहतेच होते. क्लीव्हलँडमध्ये शाळकरी वयात ते विज्ञानकथांच्या मासिकांचे अधाशी वाचक होते. त्यांच्या 'सायन्स फिक्शन' या चक्रमुद्रित पत्रिकेत जानेवारी १९३३ मध्ये 'द रेन ऑफ द सुपरमॅन' ही कथा आली. चित्रे त्यांचे मित्र जो शूस्टर यांची होती. साठोत्तरी अनियतकालिकांशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे वातावरण अनोळखी वाटू नये : प्रस्थापित छपाईच्या बाहेर, स्वतःच्या आवडीच्या बळावर, मोजक्या समानधर्म्यांसाठी काढलेले पत्र. त्या कथेतील सुपरमॅन खलप्रवृत्तीचा होता. जून १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरलेला नायक त्यानंतर घडत गेला आणि त्याच्या घडणीत चित्रपटांचा वाटा मोठा होता. नायकाच्या उभे राहण्याच्या ढबीत डग्लस फेअरबँक्स होता आणि क्लार्क केंटच्या बावळटपणात हॅरल्ड लॉइड. क्लार्क हे नाव क्लार्क गेबलवरून आले, तर नायकाच्या महानगराला फ्रित्झ लांगच्या १९२७ च्या चित्रपटाचे नाव मिळाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. 'कॉमिक्सचे चित्रपटात माध्यमांतर' असे आपण म्हणतो तेव्हा कॉमिक्स मूळ आणि चित्रपट उत्तरवर्ती असे गृहीत धरतो. सुपरमॅनच्या बाबतीत हे गृहीतक आरंभापासूनच डळमळीत आहे. दोन तरुण प्रेक्षकांनी चित्रपटगृहात जे पाहिले तेच कागदावर उतरले. पुढेही ही देवघेव चालू राहिली. आरंभीचा सुपरमॅन उडत नसे, लांब उड्या मारी. त्याचे उड्डाण रूढ झाले ते १९४० मध्ये सुरू झालेली नभोवाणीमालिका आणि १९४१ पासूनचे फ्लायशर स्टुडिओचे अ‍ॅनिमेशनपट यांच्या काळात. त्याला निर्बल करणारे 'क्रिप्टोनाइट' हे खनिज १९४३ मध्ये नभोवाणीवर अवतरले आणि कॉमिक्समध्ये १९४९ मध्ये आले. वाचकाला जे 'मूळ' वाटते त्यातील पुष्कळसे असे अन्य माध्यमांतून परत आलेले आहे.

नायकाची अशी अनेक माध्यमांत भरभराट होत असताना त्याच्या निर्मात्यांची स्थिती काय होती? सीगेल आणि शूस्टर यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरांना प्रकाशकाला दिले होते. १९४७ मध्ये त्यांनी दावा लावला. १९४८ च्या तडजोडीत काही रक्कम हाती आली, परंतु नायकावरचा हक्क सोडावा लागला आणि कॉमिक्सवरील त्यांची नावेही गेली. १९५९ मध्ये सीगेल याच नायकाच्या कथा लिहिण्यासाठी परतले, तेही अनामिक लेखक म्हणून. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेली सुपरमॅनच्या मृत्यूची कल्पित कथा त्यांचीच. अंकावर त्यांचे नाव नव्हते. स्वतः जन्माला घातलेल्या नायकाचा मृत्यू पगारी लेखकाच्या भूमिकेतून लिहिणे, ही घटना कर्तृत्वविषयक कोणत्याही सिद्धांताची कसोटी पाहणारी आहे.

१९७५ मध्ये खर्चिक चित्रपटाची वार्ता आली तेव्हा सीगेल लॉस एंजेलिस येथे कारकुनी करत होते, तर शूस्टर यांची दृष्टी क्षीण झाली होती. ऑक्टोबरमध्ये सीगेल यांनी एक प्रदीर्घ निवेदन काढून या चित्रपटाला शाप दिला. शाप हे हक्क गमावलेल्याचे शस्त्र असते. न्यायालयाचा मार्ग बंद झाल्यावर सीगेल यांच्यापाशी केवळ शब्द उरला होता. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी चालविलेल्या मोहिमेने त्या शब्दाला बळ मिळाले. डिसेंबर १९७५ मध्ये दोघांना वार्षिक प्रत्येकी २०,००० डॉलर आणि श्रेयनामावलीत स्थान देण्याचे मान्य झाले. हक्क मिळाला नाही, नाव मिळाले.

हा चित्रपट उघडतो तो जून १९३८ या निर्देशाने. कॉमिक्सची पाने उलटली जातात, लहान मुलाचा आवाज ऐकू येतो आणि कृष्णधवल चित्रचौकटीतून आपण पडद्यावरच्या महानगरात पोहोचतो. ज्याच्या निमित्ताने सीगेल यांना आपले नाव झगडून मिळवावे लागले, त्याच चित्रपटाचा पहिला आवाज मात्र एका बालवाचकाचा असावा, हे अर्थपूर्ण आहे. चित्रपट नायकाचे पितृत्व वाचकाच्या स्वाधीन करतो.

हे पितृत्व स्वीकारणाऱ्यांपैकी एक म्हणजे मार्क वेड. जन्म १९६२ चा. चित्रपट पाहिला तेव्हा वय सोळा. आपले पुढील आयुष्य या नायकाशी कोणत्या ना कोणत्या प्रकारे निगडित असणार, ही खूणगाठ त्या दिवशी बांधली गेली, असे त्यांनी पुढे वारंवार सांगितले आहे. चाहत्यांसाठीच्या नियतकालिकात काम करत ते या व्यवसायात आले. १९८५ मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'मध्ये त्यांची कथा छापली गेली. त्यांच्या 'किंगडम कम' (१९९६, चित्रे अ‍ॅलेक्स रॉस) या कृतीत खलनायकाला ठार मारणाऱ्या नव्या नायकाचे जनता स्वागत करते आणि सुपरमॅन विजनवासात जातो. 'बर्थराइट' (२००३-०४) मध्ये त्यांनी नायकाच्या आरंभाची कथा नव्याने सांगितली.

'बर्थराइट'मधील एक तपशील आपल्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नायकाच्या छातीवरील चिन्ह हे मूळ कॉमिक्समध्ये त्याच्या नावाचे आद्याक्षर होते. १९७८ च्या चित्रपटात मार्लन ब्रँडोने साकारलेल्या पित्याच्या अंगावर ते आले आणि कुलचिन्ह ठरले. वेड यांनी त्याला आशेच्या चिन्हाचा अर्थ दिला. झॅक स्नायडर यांच्या 'मॅन ऑफ स्टील' (२०१३) या चित्रपटाने तोच अर्थ स्वीकारला. एका चिन्हाचा हा प्रवास कॉमिक्स-चित्रपट-कॉमिक्स-चित्रपट असा आहे आणि त्यातील तिसरा टप्पा दुसऱ्या टप्प्याच्या प्रेमातून निर्माण झाला आहे.

परंतु याच चित्रपटाच्या शेवटी नायक झॉड या प्रतिस्पर्ध्याची मान मोडतो, याने वेड अत्यंत व्यथित झाले आणि तसे त्यांनी लिहूनही प्रसिद्ध केले. या प्रतिक्रियेकडे एका चाहत्याचा त्रागा म्हणून पाहणे अपुरे आहे. नायकाने जीव घ्यावा काय, हा वाद त्यांनी सतरा वर्षांपूर्वी 'किंगडम कम'मध्ये कथारूपाने मांडला होता. २०१३ ची प्रतिक्रिया हे त्याच युक्तिवादाचे उत्तरप्रकरण आहे. उत्साह येथे समीक्षेचे कार्य करतो. मात्र या समीक्षेचा आधारही तपासला पाहिजे. १९८८ मध्ये जॉन बर्न यांच्या कॉमिक्समधील सुपरमॅनने झॉडसह तिघांना देहदंड दिलेला होता. म्हणजे वेड ज्या सुपरमॅनची बाजू घेतात तो 'मूळ' नव्हे. तो बराचसा १९७८ च्या चित्रपटाचा, ख्रिस्तोफर रीव्हच्या प्रसन्न चेहऱ्याचा सुपरमॅन आहे. उत्साह स्वतःला कालातीत समजतो. वस्तुतः त्याला तारीख असते. त्यामुळे त्याचे मूल्य कमी होत नाही, परंतु त्याची साक्ष इतिहासाची साक्ष म्हणून घेता येत नाही.

संस्कृत साहित्यशास्त्रातील 'सहृदय' ही संकल्पना येथे आठवते. सहृदय कवीच्या अनुभवाशी तन्मय होतो. तो कवीची जागा घेत नाही. सुपरहिरोच्या परंपरेत मात्र सहृदयालाच पुढे कवी व्हायचे असते, कारण नायक संपत नाही आणि लेखक बदलत राहतात. या अखंडतेची किंमत लक्षात घ्यावी लागते. प्रेमाने येणारा लेखक कमी अटी घालतो. नायक आपला नाही हे ठाऊक असूनही तो तो आपलाच असल्यासारखा लिहितो आणि व्यवसाय त्या भावनेवर चालतो. अ‍ॅलन मूर यांनी १९८६ मध्ये जुन्या सुपरमॅनला अत्यंत ममतेने निरोप देणारी कथा लिहिली. पुढे मात्र त्यांनी आपल्या कृतींवरील चित्रपटांतून स्वतःचे नाव काढून घेण्याचा मार्ग पत्करला. सीगेल यांनी नावासाठी झगडा केला, मूर यांनी नाव नाकारले. दोन्ही कृतींचा अर्थ एकच : मालकी आणि कर्तृत्व यांची येथे फारकत झालेली आहे. सीगेल यांच्या वारसांचा न्यायालयीन लढाही याच फारकतीविरुद्ध होता. २००८ मध्ये त्यांना अंशतः यश मिळाले; २०१३ मध्ये अपील न्यायालयाने आधीचा समझोता बंधनकारक ठरवला आणि ते यशही हिरावले. 'मॅन ऑफ स्टील' याच वर्षी आला.

म्हणून शाप आणि दीक्षा यांना विरुद्ध टोके मानता येणार नाही. सीगेल यांच्या शापामागे नायकावरचे प्रेमच होते, फक्त त्याला कायद्याचा आधार उरला नव्हता. वेड यांच्या दीक्षेलाही तो आधार नाही. २०१३ मध्ये त्यांच्याही हाती शब्दापलीकडे काही नव्हते. माध्यमांतराचा अभ्यास करताना रूपांतर मूळ कृतीशी प्रामाणिक आहे काय, असे आपण विचारतो. त्याआधी हे विचारायला हवे, की ही मूळ कृती कोणाची, ती मूळ कोणी ठरवली आणि केव्हापासून. सुपरमॅनच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर देताना १३० डॉलरांचा तो व्यवहार आणि चित्रपटगृहातून बाहेर पडणारा सोळा वर्षांचा मुलगा, या दोहोंचाही हिशेब मांडावा लागतो.