सरस आणि धनुष्य

मोसमकाठच्या नामपुराकडील भिल्लांचा कामठा बांबूचा; त्यास सरस लागत नाहीं. कौटिल्यानें ‘अर्थशास्त्रां’त ताड, बांबू, लाकूड व शिंग अशीं धनुष्याचीं चार द्रव्यें सांगितलीं आहेत. शिंगाचें तें शार्ङ्ग. विष्णूचें शार्ङ्गधर हें नांव त्यावरूनच. पुढें मोगल स्वारांचें धनुष्य लाकूड, शिंग व स्नायू सरसानें सांधून होई. सरस म्हणजे कातडीं-हाडें शिजवून काढलेलें प्रथिन. त्याचा सांधा दृढ खरा. पण ओलाव्यानें तो मऊ पडे, म्हणून पावसाळ्यांत असलें धनुष्य फार जपावें लागे. हल्लीं खेळांतील धनुष्यें कृत्रिम राळेनें चिकटवितात. तीं पावसास भीत नाहींत. मात्र सरसाचा सांधा ऊन पाण्यानें सोडवून पुनः जोडतां येतो. राळेचा तसा सुटत नाहीं. टिकाऊपणा कशास म्हणावें, हें वाचकांनींच ठरवावें.