वाट शरीराची, नकाशा कुणाचा?

आजच्या विषयाचं नाव जरा लांबलचक आहे: शरीरातल्या नळ्यांच्या आणि पोकळ्यांच्या संगणकी प्रतिकृती, आणि त्यांचं पेटंट. सोपं करून सांगायचं तर असं. तुमच्या छातीचा सीटी स्कॅन काढला. त्या चित्रांवरून संगणकाने तुमच्या श्वासनलिकेचा हुबेहूब आकार उभा केला. डॉक्टर पडद्यावरच त्या नळीत शिरतात, उजव्या फाट्याला वळतात, कुठे गाठ आहे का ते बघतात. घशात दुर्बीण घातलेलीच नाही. आता सांगा, यात पेटंट कशाचं घ्यायचं? नळी तर तुमची. चित्रं यंत्राने काढली, आणि ते यंत्र आधीपासूनच होतं. उरलं काय, तर गणित. आणि नुसत्या गणिताला पेटंट नाही, असं कायदा म्हणतो.

हा पेच कोर्टांपुढे चाळीसहून अधिक वर्षं वेगवेगळ्या रूपांत येतो आहे. त्याची गोष्ट आज आपण बघणार आहोत. पण आधी एक भेद मनाशी पक्का करू या. पेटंटच्या घराला एकापुढे एक दारं आहेत. पहिल्या दारावर विचारतात, ही वस्तू पेटंट देण्याच्या प्रकारातली आहे का? ही झाली पात्रता. पुढच्या दारावर विचारतात, हे आधी कुणी जगापुढे मांडलं होतं का? हे नावीन्य. त्याच्याही पुढे एक दार आहे: या क्षेत्रातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं का? आजच्या गोष्टीतला बराचसा गोंधळ पहिल्या दारावरच्या माणसाने दुसऱ्या दाराचा प्रश्न विचारल्यामुळे झालेला आहे.

सुरुवात लांबून करू. १५१३ च्या सुमारास लिओनार्दो दा विंची हृदयाचा अभ्यास करत होता. हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या तोंडाशी रक्त कसं भोवरे घेतं, हे त्याला बघायचं होतं. त्याच्या टिपणांत एक युक्ती आहे: बैलाच्या हृदयाचा साचा घ्यायचा, त्यावरून काचेची नळी करायची, तिच्यातून गवताचं बी मिसळलेलं पाणी सोडायचं आणि बी कसं फिरतं ते बघायचं. शरीरातल्या वाटेची प्रतिकृती करून प्रवाह तपासायचा, ही कल्पना इतकी जुनी आहे. पण ती टिपणं शतकानुशतकं लोकांपुढे आलीच नाहीत. पेटंटच्या दृष्टीने याला फार महत्त्व आहे. वहीत बंद राहिलेली कल्पना नावीन्य मोडत नाही. लोकांपर्यंत पोचलेली मोडते.

आता याच्या उलट उदाहरण. १९६३ साली एवाल्ड वाइबेल या स्विस संशोधकाचं फुप्फुसाच्या मोजमापांवरचं पुस्तक निघालं. त्याने श्वासमार्गाचा एक हिशेबी नमुना मांडला. मुख्य श्वासनलिका म्हणजे पिढी शून्य. तिचे दोन फाटे, त्यांचे प्रत्येकी दोन, असं करत तेवीस पिढ्या. साधारण पहिल्या सोळा पिढ्या हवा नुसती वाहून नेतात, पुढच्या सात पिढ्यांत वायूंची देवाणघेवाण होते. तेविसाव्या पिढीला किती फाटे होतात? दोनाचा तेविसावा घात: ८३ लाख ८८ हजार ६०८. आपल्याकडे चौऱ्यांशी लाख योनी म्हणतात, तसा हा चौऱ्यांशी लाख वाटांचा फेरा आहे! गंमत सोडून द्या. मुद्दा असा, की वाइबेलने हा नमुना छापून सगळ्यांना दिला. त्यामुळे श्वासमार्गाचा प्रत्येक ठिकाणी दुभंगणारा तेवीस पिढ्यांचा नमुना, एवढाच दावा आज कुणी केला तर दुसऱ्या दारावर त्याच्या हातात हेच पुस्तक ठेवलं जाईल.

मग आला सीटी स्कॅन. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र निघालं. उभे ८० आणि आडवे ८० ठिपके, बस्स. पण त्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा होता. आजच्या हाउन्सफील्ड मोजपट्टीवर पाणी शून्य आणि हवा उणे हजार. इथेच शरीरातली वाट संगणकाला कळू लागली. श्वासनलिकेतला एक ठिपका निवडायचा, शेजारच्या ठिपक्यात हवा आहे का विचारायचं, असली की पुढे सरकायचं. पाणी उतार शोधतं तशी ही रीत वाट शोधत जाते. बारीक फाट्यांशी नळीची भिंत इतकी पातळ होते, की ती रीत भिंत फोडून फुप्फुसभर पसरते. ही गळती कशी थांबवायची, यावर खरं डोकं चालवावं लागतं. पेटंटच्या अर्जातला जीव पुष्कळदा अशा ठिकाणी असतो.

आता अमेरिकेच्या कोर्टात जाऊ. १९७२ साली बेन्सन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आकडे एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलण्याच्या रीतीला पेटंट नाकारलं. १९७८ साली फ्लूक खटल्यात कारखान्यातल्या धोक्याच्या इशाऱ्याची मर्यादा काढणारं सूत्र आलं, तेही नाकारलं. तिथे न्यायालय म्हणालं, सूत्र जुनंच आहे असं धरून चालू, मग बाकी नवं काय उरतं ते बघू. झाली दोन दारांची सरमिसळ! १९८१ साली डीअर खटल्यात, रबर पक्कं करण्याच्या कृतीबद्दल, पाच विरुद्ध चार मतांनी पारडं फिरलं. अर्‍हेनियसचं जुनं समीकरण वापरलं म्हणून काय झालं, कृती तर रबराची आहे. आणि एखादा भाग नवा की जुना हा प्रश्न पात्रतेच्या दारावर विचारायचा नाही.

लगेच पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये, एबेल प्रकरण आलं. आमच्या मते आजच्या विषयाची खरी सुरुवात इथे आहे. अर्ज सीटी स्कॅनबद्दलच होता. रुग्णाच्या शरीरावर क्ष-किरणांचा मारा कमी व्हावा म्हणून अरुंद झोत वापरायचा, आणि त्यामुळे चित्रात येणारे दोष गणिताने काढायचे. अर्जातले दोन दावे शेजारी शेजारी ठेवून बघा. पाचवा दावा असा: एखाद्या क्षेत्रातल्या बिंदूची किंमत आणि आसपासची सरासरी यांतला फरक काढायचा, आणि तो करड्या छटेत दाखवायचा. सहावा दावा असा: तेच करायचं, पण ती माहिती सीटी यंत्रातून आलेली, क्ष-किरण किती शोषले गेले याची हवी. कोर्टाने पाचवा फेटाळला आणि सहावा मान्य केला. फरक एका वाक्याचा! पाचव्यातले आकडे कशाचेही असू शकले असते, बाजारभावाचेसुद्धा. सहाव्यातले आकडे माणसाच्या शरीरातून येत होते. २००८ साली बिल्स्की प्रकरणात अपील कोर्टाने एबेलचा आधार घेताना हेच सांगितलं, की ती माहिती हाडं, अवयव, ऊती अशा खऱ्या वस्तूंची होती.

आता नावीन्याकडे येऊ. १९९४ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातले रेडिओलॉजिस्ट डेव्हिड व्हायनिंग यांनी पोटाच्या विकारांवरच्या रेडिओलॉजिस्टांच्या परिषदेत मोठ्या आतड्यातून केलेली संगणकी सफर दाखवली. पोकळ अवयवांमधून अशी सफर घडवण्याच्या पद्धतीचा पेटंट अर्ज त्याच वर्षी गेला आणि १९९८ साली पेटंट मिळालं. आधी भर सभेत दाखवलं आणि नंतर अर्ज केला, हे कसं चाललं? अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकटनानंतर एक वर्षाची सवलत आहे. युरोपात अशी सरसकट सवलत नाही. तिथे परिषदेत बोललात की स्वतःच्याच शब्दांनी स्वतःचं नावीन्य गेलं. भारतात कलम ३१ खाली मर्यादित सवलत आहे: विद्वत्सभेत स्वतः निबंध वाचला, तर बारा महिन्यांत अर्ज करता येतो. आमच्यासारख्या व्याख्यानं देणाऱ्यांनी आणि आपल्या महाविद्यालयांतल्या तरुण संशोधकांनी हे लक्षात ठेवायला हवं. पोस्टर लावायच्या आधी विचारून घ्या.

इथे एक भ्रमही दूर करू. प्रत्येक माणसाची श्वासनलिका वेगळी, म्हणजे प्रत्येक प्रतिकृती नवीच, मग नावीन्य आपोआप आलंच ना? नाही. दर पेशंटला नकाशा नवा निघतो, पण नकाशा काढायची रीत तीच असली तर त्यात नवं काही नाही. नवे आकडे घातले म्हणून पाढा नवा होत नाही. उलट बाजूनेही ऐकून घ्या. श्वासनलिका माणसाइतकीच जुनी आहे म्हणून तिची कोणतीही प्रतिकृती जुनी ठरते, हेही खरं नाही. जुनी वस्तू मोजण्याची रीत नवी असू शकते.

पुढे अमेरिकेत वारं पुन्हा फिरलं. २०१२ च्या मेयो आणि २०१४ च्या अ‍ॅलिस निकालांनी विचारायला सुरुवात केली, की निसर्गनियम किंवा अमूर्त कल्पना बाजूला काढल्यावर उरतं ते नेहमीचं, सरावाचंच आहे का? म्हणजे नावीन्याचा प्रश्न पुन्हा पहिल्या दारावर आला. २०१६ साली वीजजाळ्याच्या एका प्रकरणात अपील कोर्ट म्हणालं, माहिती गोळा करणं, तपासणं आणि पडद्यावर दाखवणं, एवढंच असेल तर ते अमूर्त आहे. मग शरीरातल्या वाटेचा नकाशा काढून दाखवणं कुठे बसतं? २०२० साली कार्डिओनेट प्रकरणात त्याच कोर्टाने हृदयाचे ठोके तपासणाऱ्या यंत्राला पात्र ठरवलं, कारण दावा सुधारलेल्या यंत्राचा होता. धागा एबेलचाच आहे, फक्त तो आता बारीक झाला आहे.

युरोपची गोष्ट थोडक्यात सांगतो. १० मार्च २०२१ रोजी युरोपीय पेटंट कार्यालयाच्या सर्वोच्च अपील मंडळाने संगणकी अनुकरणावर, म्हणजे सिम्युलेशनवर निर्णय दिला. प्रकरण इमारतीच्या वाटांतून माणसांची गर्दी कशी सरकेल याचं होतं. मंडळाने सांगितलं, की अनुकरणाला पेटंटची बंदी नाही. पण ज्याचं अनुकरण केलं ते तांत्रिक आहे, एवढ्याने भागत नाही. अनुकरणातून तांत्रिक परिणाम साधला पाहिजे. इमारतीतल्या वाटेला जे लागू, ते शरीरातल्या वाटेलाही लागू आहे.

आणि आपल्याकडे? पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये दोन पोटकलमं आडवी येतात. एक गणिती पद्धती, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅम वगळतं. दुसरं रोगनिदान आणि उपचारांच्या प्रक्रिया वगळतं. त्यामुळे शरीराची प्रतिकृती घेऊन येणाऱ्याला दोन्ही काठांवरून तोल सांभाळावा लागतो. फार गणिती झालं तर एकाने अडतं, फार वैद्यकीय झालं तर दुसऱ्याने. २०१९ साली फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने "निव्वळ" या शब्दावर बोट ठेवलं आणि तांत्रिक परिणाम असेल तर दार बंद नाही, असं सांगितलं.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असं वाटेल. पण दोन्ही बाजूंना खरी माणसं आहेत. दावा फार रुंद दिला, तर आतड्याची सफर दाखवणारं प्रत्येक रुग्णालय एकाच मालकाच्या परवानगीवर राहील, आणि तपासणीचं बिल शेवटी पेशंटच भरेल. काहीच दिलं नाही, तर लोक रीत लपवून ठेवतील. पेटंटमध्ये वीस वर्षांच्या हक्काच्या बदल्यात रीत उघड लिहावी लागते; गुपितात काहीच लिहावं लागत नाही. मग रोहिणी किती अरुंद आहे याचा आकडा पडद्यावर येईल, पण तो कसा आला हे डॉक्टरला तपासता येणार नाही.

म्हणून आम्हाला एबेलचा तो सहावा दावा अजून वाटाड्या वाटतो. माहिती खऱ्या शरीरातून आली पाहिजे, आणि रुग्णाचा क्ष-किरणांचा मारा कमी करण्यासारखं खरं काम त्यातून झालं पाहिजे. एवढं झालं की पहिलं दार उघडावं, आणि मग नवं आहे का हे दुसऱ्या दारावर कसून विचारावं. वाट कुणाचीच नाही. ती शोधायची नवी रीत ज्याने काढली, त्याला काही काळ तिचा हक्क द्यावा, आणि रीत सगळ्यांना वाचता यावी.

आज इथेच थांबतो.