किल्ला, मावळा आणि मंगळ

दिवाळीपूर्वी आठ-दहा दिवस पुण्यातील वाड्यांच्या अंगणांत मुलांचे हात मातीने माखू लागतात. दगडविटांवर पोते पसरून चिखल थापावा, बुरूज उभारावे, हळीव-मोहरी पेरून रान उगवावे आणि शेवटी सिंहासनावर शिवछत्रपतींची मूर्ती बसवावी, हा क्रम कित्येक पिढ्या चालत आला आहे. गेल्या वर्षी मात्र माझ्या बारा वर्षांच्या पुतण्याने किल्ल्याशेजारी तांबडी माती पसरून मंगळावरील एक काल्पनिक वसाहत मांडली. तीतील यान त्याने पेटीतून आलेले प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून तयार केले होते. "महाराजांच्या शेजारी हे कसले रे खूळ?" असे आमच्या मातोश्रींनी विचारले; आणि त्याचे उत्तर शोधावयास मला एका जुन्या कलेच्या इतिहासात शिरावे लागले.

अशा मांडणीस पाश्चात्त्य लोक 'डायोरामा' म्हणतात. 1822 साली पॅरिस येथे दागेर आणि बूताँ यांनी या नावाचा खेळ सुरू केला. प्रचंड झिरझिरीत पडद्यांवर चित्रे रंगवून, मागचा-पुढचा प्रकाश बदलून, ते प्रेक्षकांस दिवसाची रात्र झालेली दाखवीत. पुढे हाच शब्द वस्तुसंग्रहालयांतील लहानशा घनाकृती देखाव्यांस लागला. नाव परके असले, तरी वस्तू आपणांस परकी नाही. दिवाळीचा किल्ला आणि गणेशोत्सवातील देखावा हे तिचे सगोत्रच होत. 2023 च्या ऑगस्टात चंद्रयान-3 चंद्रावर उतरले, आणि पुढच्याच महिन्यात गणपतीपुढे त्याच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या.

तथापि दोहोंत एक भेद आहे, आणि तो मापाचा. किल्ल्यात महाराजांची मूर्ती महाद्वाराहून उंच असली तरी कोणास खटकत नाही. कारण तेथे आकार हे आदराचे माप असते. वैज्ञानिक कल्पनेच्या देखाव्यास ही सवलत नाही. जे यान कोणी पाहिलेलेच नाही ते केवढे आहे, हे शेजारची शिडी, दार किंवा माणूस यांवरूनच ठरावयाचे. 1977 सालच्या 'स्टार वॉर्स' चित्रपटाच्या कारागिरांनी बाजारातील रणगाड्यांच्या व विमानांच्या संचांतले बारीक तुकडे आपल्या यानांच्या अंगावर चिकटवले, ते याचसाठी. बारकावे दाट दिसले म्हणजे डोळा वस्तू विशाल मानतो.

मापाची ही शिस्त पुण्यात पाहावयाची असेल, तर कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेल्या, 1998 साली उघडलेल्या लघुरेल्वे संग्रहालयात जावे. तेथील गाड्या 1:87 या प्रमाणाच्या आहेत. म्हणजे साडेपाच फुटांहून थोडा उंच माणूस तेथे केवळ दोन सेंटिमीटरांचा होतो.

पुतण्याला हे अनुभवाने कळले. यानाशेजारी त्याने किल्ल्यातला मावळा उभा केला, आणि तत्क्षणी यानाचे खेळणे झाले! त्याचा संच 1:72 प्रमाणाचा होता. तेव्हा त्याने हिशेब करून, सुमारे अडीच सेंटिमीटरांचे, अंतराळवेष घातलेले पण डोक्यास पागोटे असलेले नवे मावळे शाडूचे घडवले. यान पुन्हा मोठे दिसू लागले.

कल्पनेस गणिताचे वेसण हवे, हा आग्रह मराठी विज्ञानकथेसही नवा नाही. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. तिचे कर्ते डॉ. जयंत नारळीकर होते. विज्ञानकथेचा पाया खऱ्या विज्ञानाचा असावा, हे त्यांनी जन्मभर सांगितले.

मातोश्रींस मी एवढेच म्हणालो, की आई, किल्ला आपल्या पूर्वजांनी काय केले ते सांगतो, आणि हे मंगळाचे मैदान आपली मुले काय करू पाहतात ते सांगते. मात्र दुसरे अंगण केवळ परदेशी पेटीतल्या बाहुल्यांनी भरले, तर पहिल्याचा अभिमान पोकळ ठरेल. त्यांनी पागोटेवाला मावळा तळहातावर घेऊन न्याहाळला, आणि संध्याकाळी एक पणती मंगळावरही ठेवली. ती यानाच्या निम्म्याएवढी होती. पण त्या मापाबद्दल पुतण्याने तक्रार केली नाही.