'गांव-गाडा' पुन्हा वाचतांना

खेडें म्हटलें कीं आम्हां शिकलेल्या मंडळींच्या डोळ्यांपुढें मोट, मळा आणि देवळांतलें भजन उभें राहतें. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा' १९१५ सालीं निघाला, आणि त्यानें हें चित्र पार विस्कटून टाकलें. आत्रे महसूल खात्यांतले. शेताचें पीक खळ्यावर आलें म्हणजे सुतार, लोहार, चांभार, महार, न्हावी, परीट, त्यांच्यामागून अलुतेदार आणि शेवटीं नाना परींचे फिरस्ते तेथें कसे जमतात, हें ते बारकाईनें सांगतात. वंशपरंपरेचें वतन ही गांवाची घडी, असें आम्ही समजत होतों. त्यांना ती कुणब्याच्या गळ्यांतली धोंड वाटली, कारण काम बिघडलें तरी बलुतें चुकत नसे.

मात्र त्याच वतनाची दुसरी बाजू कळावयास १९२८ साल उजाडावें लागलें. डॉ. आंबेडकरांनीं मुंबई कायदेमंडळांत १८७४ च्या वतन कायद्यास दुरुस्ती सुचविली, तेव्हां रात्रंदिवस राबणाऱ्या महारालाही तें वतन बेडीच होतें हें उघड झालें. (कनिष्ठ वतनें गेलीं तीं १९५८ च्या कायद्यानें!)

फिरस्त्यांविषयीं लिहितांना तर आत्रे यांच्या लेखणींतून सरकारी अंमलदारच बोलतो. तीं पानें आम्हांस आतां खुपतात. तरीहि पुस्तक मिटूं नये. १८७१ चा गुन्हेगार जातींचा कायदा, जो १९५२ सालीं रद्द झाला, तो शेजारीं ठेवून तें प्रकरण वाचावें.