नवजात अर्भकाची कावीळ

नवजात अर्भकाची कावीळ ही जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत रक्तातील बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याचे प्रमाण वाढल्याने त्वचा व डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागण्याची अवस्था होय. पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के आणि मुदतपूर्व जन्मलेल्या सुमारे ८० टक्के बाळांमध्ये ती कमीअधिक प्रमाणात आढळते. बहुतेकांत ती निरुपद्रवी असून आपोआप ओसरते. मात्र बिलिरुबिन फार वाढल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मोठ्या माणसांना दूषित पाण्यामुळे होणाऱ्या काविळीशी तिचा संबंध नाही.

== कारणे ==
तांबड्या रक्तपेशी मोडल्या की त्यांतील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन तयार होते. गर्भावस्थेत ते वारेमार्गे आईच्या रक्तात जाते व आईचे यकृत त्याची विल्हेवाट लावते. जन्मानंतर हे काम बाळाच्या यकृतावर येते. पण त्यासाठी लागणारे विकर पहिल्या दिवसांत अत्यल्प असते. शिवाय बाळाच्या रक्तपेशी संख्येने अधिक व अल्पायुषी असतात. आतड्यात उतरलेले बिलिरुबिन वेळेवर शौचावाटे गेले नाही, तर ते पुन्हा रक्तात शोषले जाते. म्हणूनच दूध कमी पडलेल्या बाळाची कावीळ वाढते. या काळात दिलेले साखरपाणी, मध किंवा गुटी यांनी बाळाचे अंगावर पिणे कमी होते आणि अपायच होतो.

अशी स्वाभाविक कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असते आणि साधारण दोन आठवड्यांत जाते. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ मात्र स्वाभाविक मानली जात नाही. अशा वेळी माता व बाळ यांच्या रक्तगटांतील विसंगतीचा, म्हणजे आर‌एच निगेटिव्ह आईचे आर‌एच पॉझिटिव्ह बाळ किंवा ओ गटाच्या आईचे ए वा बी गटाचे बाळ, तसेच जंतुसंसर्गाचा विचार करावा लागतो. जी-६-पीडी या विकराची आनुवंशिक कमतरता हेही एक कारण आहे. अशा बाळाचा नॅफ्थलिनशी संपर्क आल्यास रक्तपेशी झपाट्याने फुटतात. त्यामुळे डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली दुपटी व झबली बाळासाठी वापरू नयेत.

== लक्षणे व निदान ==
पिवळेपणा प्रथम चेहऱ्यावर दिसतो व बिलिरुबिन वाढेल तसा छाती, पोट, पाय असा खाली सरकतो. त्वचा बोटाने हलकेच दाबून नैसर्गिक उजेडात पाहिल्यास तो ओळखता येतो. सावळ्या त्वचेवर हा अंदाज फसवा ठरतो, आणि बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत तर कावीळ लक्षातच येत नाही. निश्चित निदान रक्ततपासणीनेच होते. त्वचेवर टेकवायच्या उपकरणाने प्राथमिक मोजणी करता येते. उपचाराची मर्यादा सर्व बाळांना एकच नसते. ती बाळाचे वय तासांत मोजून आणि गर्भावस्थेचे आठवडे पाहून ठरवली जाते.

बाळ सुस्त होणे, दूध न ओढणे, अंग सैल पडणे आणि पुढे कर्कश रडणे, पाठीची कमान होणे किंवा झटके येणे ही मेंदूवर परिणाम होत असल्याची चिन्हे आहेत. यातून होणाऱ्या कायमच्या हानीला कर्निक्टेरस म्हणतात. बहिरेपणा व हालचालींवरील ताबा जाणे हे तिचे परिणाम असून त्यांवर उलटवणारा उपचार नाही.

कावीळ दोन आठवड्यांहून अधिक टिकली, शौचाचा रंग पांढुरका आणि लघवी गडद पिवळी असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते. यासाठीची कसाई शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचे होण्याआधी झाल्यास यशाची शक्यता अधिक असते. केवळ आईच्या दुधामुळे लांबलेली कावीळ निरुपद्रवी असते व तिच्यासाठी स्तनपान थांबवण्याची गरज नसते.

== उपचार ==
प्रकाशोपचार हा मुख्य उपचार होय. सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाने त्वचेतील बिलिरुबिनची रचना बदलते व ते यकृताच्या प्रक्रियेविना पित्त आणि लघवीवाटे बाहेर पडते. बाळाचे डोळे झाकून बाकीचे अंग शक्य तितके उघडे ठेवतात. स्तनपान चालूच राहते. एवढ्याने न भागल्यास किंवा मेंदूवर परिणामाची चिन्हे दिसल्यास बाळाचे रक्त थोडे थोडे काढून दात्याचे रक्त भरतात. आर‌एच निगेटिव्ह आईला प्रसूतीनंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन दिल्यास पुढच्या बाळाचे रक्षण होते.

या उपचाराचा उगम इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड रुग्णालयात झाला. १९५६ मध्ये तेथील परिचारिका वॉर्ड बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एका बाळाच्या अंगाचा चादरीखाली झाकलेला भागच पिवळा राहिल्याचे त्यांनी डॉक्टरांना दाखवले. रिचर्ड क्रेमर व सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. असे असले तरी घरी कोवळे ऊन दाखवणे हा त्याला पर्याय नाही. प्रकाशाची मात्रा अनिश्चित राहते आणि बाळाला ऊन किंवा गारठा बाधतो. महाराष्ट्रात काविळीवर गळ्यात माळ घालण्याची प्रथा आहे. माळेने बिलिरुबिन उतरत नाही. स्वाभाविक कावीळ ओसरते तेव्हा श्रेय मात्र तिला मिळते.

== घरी परतल्यानंतर ==
अनेक माता प्रसूतीनंतर दोन दिवसांत घरी किंवा माहेरी जातात, तर कावीळ त्यानंतर शिगेला पोहोचते. त्यामुळे तिसऱ्या ते पाचव्या दिवसांदरम्यान बाळाची तपासणी महत्त्वाची ठरते. भारतातील गृहआधारित नवजात शिशु सेवेत आशा कार्यकर्ती रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या आणि पुढे ठरावीक दिवशी घरी भेट देते. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने केलेल्या कामाचा या सेवेच्या घडणीत मोठा वाटा आहे. तळहात-तळपाय पिवळे दिसल्यास त्याच दिवशी बाळाला रुग्णालयात नेणे आवश्यक असते.